टॅबलेटची वीट: अपडेटने बंद पाडलेल्या यंत्रांचा छोटा इतिहास

मागच्या काही भागांनंतर तुमचे जे मेल आले, त्यांत एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत परत परत येतोय. "टॅबवर अपडेट आलंय, टाकू की नको?" खरं तर हा प्रश्न इतिहासाच्या पॉडकास्टला विचारायचा नाही, मोबाइलच्या दुकानदाराला विचारायचा. पण मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, आणि या प्रश्नातली जी भीती आहे ती मला चांगलीच ओळखीची आहे. ही भीती उगाच आलेली नाही. तिला तारखा आहेत, आकडे आहेत. आज त्याच सांगतो.

आधी एक शब्द. बटण दाबलं, पाच मिनिटं धरून ठेवलं, चार्जर लावला, तरी जे यंत्र हूं की चूं करत नाही, त्याला आमच्या धंद्यात 'ब्रिक झालं' म्हणतात. वीट झाली. आपल्याकडे विटेला मान आहे, पंढरपुरात विठोबा विटेवरच उभा आहे. पण चाळीस हजारांची वीट कुणालाच नको असते.

माझ्या मते या इतिहासातली सगळ्यात भारी वीट पृथ्वीवर नाही, मंगळावर आहे. २० जुलै १९७६ ला नासाचं व्हायकिंग १ यान मंगळावर उतरलं. काम ठरलेलं होतं नव्वद दिवसांचं. यान चाललं सहा वर्षांहून जास्त. इतकं की त्याच्या छायाचित्रण पथकाचे प्रमुख थॉमस मच १९८० मध्ये काश्मीरच्या हिमालयात, नून शिखरावरून उतरताना नाहीसे झाले, तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ या यानाला त्यांचं नाव देण्यात आलं. मग १९८२ चा नोव्हेंबर उजाडला. बॅटऱ्या म्हाताऱ्या होत चालल्या होत्या, त्या नीट चार्ज व्हाव्यात म्हणून पृथ्वीवरून नवं सॉफ्टवेअर पाठवलं गेलं. हेतू अगदी चांगला. पण ते नवं सॉफ्टवेअर मेमरीत जिथे लिहिलं गेलं, तिथे अँटेना पृथ्वीकडे कशी वळवायची याची माहिती होती. ती पुसली गेली. यानाला पृथ्वी कुठे आहे तेच कळेना. पुढे चार महिने हाका मारल्या, उत्तर आलं नाही.

यात पुढे येणाऱ्या सगळ्या गोष्टींचं बी आहे, म्हणून मुद्दाम सांगितलं. बॅटरीचं सॉफ्टवेअर चुकलं असतं तर दुसरं पाठवता आलं असतं. पण ज्या दारातून दुरुस्ती आत यायची, तेच दार बंद झालं.

आता मंगळावरून खाली उतरू आणि टॅबलेटकडे येऊ.

पहिला आयपॅड २०१० मध्ये आला. तेव्हा अपडेट करायचं म्हणजे कॉम्प्युटर सुरू करा, वायर लावा, आयट्यून्स उघडा, ते आधी स्वतः अपडेट होईल त्याची वाट बघा... ज्यांनी केलंय त्यांना आठवत असेल. कंटाळवाणं काम, त्यामुळे लोक करायचेच नाहीत. ऑक्टोबर २०११ मध्ये आयओएस ५ आलं आणि वायर सुटली. अपडेट थेट हवेतून येऊ लागलं. रात्री चार्जिंगला लावा, सकाळी नवं. सोय झाली यात वादच नाही. पण वायरीच्या काळात एक गोष्ट आपोआप होत होती, ती गेली. शेजारी एक मोठं, चालू यंत्र बसलेलं असायचं. अपडेट अर्ध्यात मेलं तरी त्याच्या जोरावर परत उठवता यायचं. शिवाय लोक आपापल्या आळसाच्या वेगाने अपडेट करायचे, म्हणजे चूक असलीच तर ती हळूहळू पसरायची. आळस हीसुद्धा एक सुरक्षा व्यवस्था होती, हे आम्हा इंजिनिअर लोकांना फार उशिरा कळलं.

अपडेटमध्ये नेमकं काय होतं ते थोडक्यात बघू, नाहीतर पुढचं हवेत जाईल. टॅबमध्ये एक छोटा प्रोग्रॅम असतो, तो चालू होताक्षणी उठतो आणि मुख्य सिस्टिम कुठे आहे ते शोधून तिला जागी करतो. अपडेट म्हणजे ती मुख्य सिस्टिम बदलायची, आणि बऱ्याचदा हा उठवणारा छोटा प्रोग्रॅम, बॅटरीच्या, रेडिओच्या, टचच्या चिपमधलं सॉफ्टवेअर, हेही बदलायचं. मुंबई-पुण्याच्या लोकांना रिडेव्हलपमेंटच्या भाषेत सांगतो. जुन्या पद्धतीचं अपडेट म्हणजे आपण राहतोय तीच बिल्डिंग, आपण आत असतानाच, एकेक मजला पाडून नवी बांधायची. ट्रान्झिट कॅम्प नाही, भाडं नाही, काही नाही. बिल्डर मध्येच थांबला तर जुनं घर गेलेलं आणि नवं झालेलं नाही. टॅबची वीट होते ती याच अवस्थेत.

१७ ऑक्टोबर २०१३. मायक्रोसॉफ्टने विंडोज ८.१ जगभर सोडलं, आणि त्यासोबत टॅबलेटसाठीची त्याची बहीण, विंडोज आरटी ८.१. हे आरटी चालायचं मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सरफेस आरटी टॅबवर. या टॅबची आधीच शोभा झाली होती. न खपलेल्या मालापोटी त्याच वर्षी जुलैमध्ये कंपनीला ९० कोटी डॉलरचा फटका हिशेबात दाखवावा लागला होता. ज्यांनी तरीही तो घेतला होता ते कंपनीचे खरे भक्त. त्यातल्या काहींनी पहिल्याच दिवशी अपडेट दाबलं आणि टॅब परत सुरूच होईना. चालू होताना सिस्टिम कुठे आहे हे सांगणारी जी माहिती असते, तीच काही टॅबवर बिघडली होती. दोनच दिवसांत मायक्रोसॉफ्टने अपडेट स्टोअरमधून मागे घेतलं, यूएसबीवर टाकून टॅब उठवायचं साधन दिलं, आणि काही दिवसांनी दुरुस्त अपडेट परत आणलं.

लक्षात घ्या, टॅब त्यांचा, सिस्टिम त्यांची, स्टोअर त्यांचं. शंभर कंपन्यांचे शंभर मॉडेल सांभाळायची कटकट नाही. मग टेस्टिंगमध्ये कसं सापडलं नाही?

मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा अंदाज होता की अपडेट करणाऱ्यांपैकी साधारण हजारात एकाला हा त्रास झाला. हा आकडा धरून एक गणित करू. कागद-पेन नको, मी सांगतो. समजा तुमच्या टेस्टिंगच्या खोलीत शंभर टॅब आहेत. सगळ्यांवर अपडेट टाकलं. हजारात एक होणारी चूक त्या शंभरांत एकदाही न दिसण्याची शक्यता किती? नव्वद टक्के. म्हणजे अत्यंत प्रामाणिकपणे, शंभर टॅब घेऊन टेस्ट करणारा माणूस दहातल्या नऊ वेळा "सगळं ओके" असंच लिहिणार. बरं, हजार टॅब घेतले तर? तरीही सुमारे सदतीस टक्के वेळा काहीच दिसणार नाही. पंच्याण्णव टक्के खात्री हवी असेल तर जवळजवळ तीन हजार टॅब लागतील. आणि खोलीतले हे टॅब सगळे स्वच्छ, ताजे, भरपूर जागा शिल्लक असलेले. लोकांच्या घरातले तसे नसतात. त्यांच्यावर लग्नाचे अकराशे फोटो असतात, मुलांनी टाकलेले सतरा गेम असतात, बॅटरी सहा टक्क्यांवर असते.

म्हणून "नीट टेस्टिंग करा ना!" हे वाक्य ऐकलं की मी जरा थांबतो. बरोबर आहे, पण अपुरं आहे. खोलीतल्या टेस्टिंगने कोड तपासला जातो. टॅब मरतो तो बहुतेक वेळा प्रवासात: जुन्या अवस्थेतून नव्या अवस्थेत जाताना. आणि जुनी अवस्था प्रत्येकाची निराळी असते.

याचं सगळ्यात चांगलं, म्हणजे सगळ्यात वाईट, उदाहरण २०१६ चा वसंत.

२१ मार्च २०१६ ला अ‍ॅपलचा कार्यक्रम झाला. नवा ९.७ इंची आयपॅड प्रो जाहीर झाला, आणि त्याच दिवशी आयओएस ९.३ सगळ्यांसाठी सोडलं गेलं. त्यातलं मिरवायचं फीचर होतं नाइट शिफ्ट, रात्री स्क्रीन पिवळसर करणारं. पण त्यात एक मोठी दुरुस्तीही होती. फेब्रुवारीत कुणाच्यातरी लक्षात आलं होतं की आयफोन किंवा आयपॅडची तारीख हाताने १ जानेवारी १९७० करून यंत्र बंद केलं, तर ते परत चालूच होत नाही. ही वीट करणारी चूक ९.३ ने काढून टाकली. आणि त्याच ९.३ ने दुसरीकडे विटा पाडायला सुरुवात केली.

आयपॅड २ आठवतोय? २०११ चा. पाच वर्षांचा म्हातारा, पण अनेक घरांत अजून चालू. बहुतेक ठिकाणी तो आता आजी-आजोबांकडे किंवा लहान मुलांकडे गेलेला. अशा अनेक टॅबवर ९.३ टाकल्यावर स्क्रीन आली ती अ‍ॅक्टिव्हेशनची, आणि तिथेच अडकली. सर्व्हरशी संपर्क होत नाही म्हणे. त्याच सुमारास आणखी एक प्रकार पुढे आला, तो तर नमुनेदार. आयपॅड एअर आणि त्याआधीचे आयपॅड, आयफोन ५एस आणि त्याआधीचे फोन, यांच्यातल्या काहींवर अपडेट पूर्ण करायला तो अ‍ॅपल आयडी आणि पासवर्ड मागितला जाई, ज्याने ते यंत्र सुरुवातीला सेट केलं होतं. पासवर्ड आठवत नसेल तर यंत्र तसंच अर्धवट पडून राहणार.

आता सांगा, चार वर्षांपूर्वी मुलाने घरी येऊन सेट करून दिलेल्या टॅबचा पासवर्ड कुठल्या आजीला पाठ असतो? मुलगा न्यू जर्सीला, आयडी त्याचा, आणि तो ईमेल त्याने केव्हाच सोडलेला.

अ‍ॅपलने जुन्या यंत्रांसाठी अपडेट थांबवलं आणि काही दिवसांतच ती पायरी काढून टाकलेली नवी आवृत्ती दिली. पण मला जो मुद्दा दिसतो तो हा. आयओएस ९.३ च्या जानेवारीपासून एकामागून एक बीटा आवृत्त्या निघाल्या होत्या, इंजिनिअरांसाठीही आणि सामान्य लोकांसाठीही. मग हे त्यांच्यात कुणाला का नाही दिसलं? कारण बीटा टाकून बघणारा माणूस कोण असतो? माझ्यासारखा. ज्याला हौस आहे, ज्याच्याकडे बऱ्यापैकी नवं यंत्र आहे, आणि ज्याला आपला पासवर्ड येतो. या चुकीचा जो बळी होता तो बीटाच्या वाटेला कधी जातच नाही. कोडमधली चूक शोधायला हजारो लोक बसवले होते, पण ती चूक ज्या घरात होती, त्या घरातलं कुणीच त्यांच्यात नव्हतं.

म्हाताऱ्याचं झालं. आता बाळाचं ऐका.

१६ मे २०१६ ला आयओएस ९.३.२ आलं. छोटं अपडेट, किरकोळ दुरुस्त्या. आणि यावेळी आडवा झाला तो ९.७ इंची आयपॅड प्रो, म्हणजे मार्चमध्ये ९.३ सोबत जाहीर झालेला, त्या घडीचा सगळ्यात नवा आयपॅड. सगळे नाही, काही. स्क्रीनवर सूचना यायची की कॉम्प्युटरला जोडा. जोडलं की यायचं 'एरर ५६'. अ‍ॅपलच्या मदतीच्या पानावर हा आकडा हार्डवेअरच्या बिघाडाच्या यादीत होता. म्हणजे सॉफ्टवेअरचं अपडेट टाकलं आणि उत्तर मिळालं की तुमच्या यंत्रातच बिघाड आहे. दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घ्यावं, हात सुजावा, आणि डॉक्टरांनी सांगावं की तुमचा हातच मुळात तसा आहे. काही दिवसांनी त्या मॉडेलसाठी अपडेट मागे घेतलं गेलं, आणि २ जूनला दुरुस्त होऊन परत आलं.

दोन महिन्यांत एकाच कंपनीचा एक सगळ्यात जुना आणि एक सगळ्यात नवा टॅब पडला. जुन्याला टेस्टिंगमध्ये कुणी वाली नव्हता. आणि नव्याच्या बाबतीत माझा अंदाज असा की ताज्या हार्डवेअरच्या कोपऱ्यांची अजून कुणाला ओळखच झाली नव्हती. मधल्या वयाची यंत्रं सुखात होती. हे जवळजवळ बसच्या गर्दीसारखं आहे, धक्का लागतो तो टोकाच्या लोकांना.

इथपर्यंत मी घरातल्या टॅबबद्दल बोललो. टॅब बंद पडला, चिडचिड झाली, फोटो गेले, वाईट वाटलं. पण टॅब आता घरात राहिलेला नाही. दवाखान्यात आहे, गोदामात आहे, हॉटेलच्या काउंटरवर आहे, आणि विमानाच्या कॉकपिटमध्ये आहे.

पूर्वी वैमानिक नकाशांनी आणि पुस्तकांनी भरलेली एक बॅग घेऊन विमानात चढायचे. अमेरिकन एअरलाइन्समध्ये या बॅगेचं वजन होतं पस्तीस पौंड, म्हणजे सोळा किलोच्या आसपास. जून २०१३ पर्यंत कंपनीने आपल्या सगळ्या ताफ्यात ही बॅग काढून आयपॅड दिले. वजन कमी झाल्यामुळे वर्षाला किमान चार लाख गॅलन इंधन वाचेल असा कंपनीचा हिशेब होता. कल्पना झकास होती, अजूनही आहे. मग २८ एप्रिल २०१५ ची संध्याकाळ. अमेरिकेत ठिकठिकाणी वैमानिकांच्या आयपॅडवरचं नकाशांचं अ‍ॅप बंद पडायला लागलं. एकट्याचं नाही, सहवैमानिकाचंही. कारण दोघांकडे एकच अ‍ॅप, एकच डेटा. काही विमानं धावपट्टीकडे निघालेली, ती वायफायसाठी परत गेटवर आली. डझनावारी उड्डाणं रखडली.

कारण काय निघालं? वॉशिंग्टनच्या रेगन नॅशनल विमानतळाचा एक नकाशा डेटाबेसमध्ये दोनदा आला होता. बस्स. अ‍ॅपला एकाच नावाच्या दोन नकाशांचं काय करायचं ते कळेना, आणि त्याने मान टाकली. उपाय होता अ‍ॅप काढून परत टाकायचं. म्हणून गेट, म्हणून वायफाय.

यात कोड बदललाच नव्हता, बदलला होता डेटा. विमानाचे नकाशे जुने होऊन चालत नाहीत, त्यांच्या बदलांचं २८ दिवसांचं आंतरराष्ट्रीय चक्र असतं. कोड बदलला की सगळे सावध असतात, रिव्ह्यू होतो, टेस्टिंग होतं. डेटा बदलला की, "अहो नुसता डेटा आहे!" हे वाक्य मी इतक्या मीटिंगमध्ये ऐकलंय की आता ते ऐकलं की आपोआप सावरून बसतो.

याच वाक्याची जगाने सगळ्यात मोठी किंमत मोजली ती १९ जुलै २०२४ ला. टॅबलेट सोडून जरा बाजूला जातोय, पण गोष्ट तीच आहे. क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षा कंपनीने आपल्या सॉफ्टवेअरसाठी एक छोटी फाइल पाठवली. नवा कोड नाही, हल्ले कसे ओळखायचे याची ताजी माहिती. आपल्याकडे शुक्रवार सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटं. फाइलमध्ये एकवीस रकाने वापरायची सोय होती, आणि ती वाचणाऱ्या प्रोग्रॅमला पुरवले जात होते वीस. आधीच्या टेस्टमध्ये एकविसाव्या रकान्यात 'काहीही चालेल' असं चिन्ह टाकलेलं, त्यामुळे तो कधी खऱ्या अर्थाने वाचलाच गेला नव्हता. यावेळी वाचला गेला. सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं कोसळली, मायक्रोसॉफ्टचाच आकडा. ७८ मिनिटांत फाइल मागे घेतली होती, पण एकदा पडलेलं यंत्र नवी फाइल घ्यायला उठणार कसं? परत तेच, दुरुस्तीचं दारच बंद. माणसांनी एकेका यंत्रापाशी जाऊन हाताने ते काढलं. त्या दिवशी मुंबई-दिल्लीच्या विमानतळांवर हाताने चेक-इन चाललं होतं, आणि इंडिगोचा पेनाने लिहिलेला बोर्डिंग पास तुमच्याही व्हॉट्सअ‍ॅपवर आला असेल.

एकवीस आणि वीस हे टेस्टिंगचं अपयश आहेच. पण ८५ लाख हे अपयश वेगळं. ती फाइल आधी शंभर यंत्रांना पाठवून दहा मिनिटं थांबले असते, तर शंभरच यंत्रं पडली असती. कंपनीने नंतर तेच करायचं ठरवलं, टप्प्याटप्प्याने पाठवायचं.

याला आमच्याकडे टप्प्याटप्प्याचं रोलआउट म्हणतात. आधी एक टक्का लोकांना द्यायचं, काही दिवस बघायचं, मग पाच, मग वीस. मगाशी जे तीन हजार टॅबचं गणित केलं, त्याचं उत्तर हे आहे. तीन हजार वेगवेगळे, खरेखुरे, लग्नाच्या फोटोंनी भरलेले टॅब खोलीत जमवता येत नाहीत, पण एक टक्का लोकांकडे ते असतात. आता यात एक नैतिक खोच आहे आणि ती मी लपवणार नाही. तो एक टक्का म्हणजे माणसंच आहेत. त्यांना कुणी विचारलेलं नसतं. म्हणून ही पद्धत तेव्हाच रास्त ठरते, जेव्हा पडलेल्याला उचलायची सोय आधी केलेली असते.

आणि ती सोय करता येते. अँड्रॉइडने २०१६ मध्ये, सातव्या आवृत्तीपासून, क्रोमओएसच्या धर्तीवर दोन खणांची पद्धत आणली. यंत्रात सिस्टिमसाठी दोन जागा. तुम्ही एकीवर चालताय तोवर नवी सिस्टिम दुसऱ्या जागेत गुपचूप भरली जाते. मग यंत्र दुसरीवरून उठवून बघायचं. उठलं तर ठीक, नाहीतर आपोआप पहिलीवर परत. रिडेव्हलपमेंटच्या भाषेत, शेजारच्या प्लॉटवर नवी बिल्डिंग पूर्ण उभी करायची, नळाला पाणी आलं का बघायचं, मगच सामान हलवायचं. जुनी चावी खिशातच. यात जागा जास्त जाते, म्हणून स्वस्त टॅब बनवणारे बरीच वर्षं कुरकुरत राहिले. ग्राहकाला ६४ जीबी सांगायचे आणि त्यातली आणखी काही जीबी विम्यासाठी अडकवायची, हे विकायला अवघड. गुगलनेही ही पद्धत बरीच वर्षं ऐच्छिकच ठेवली होती. अ‍ॅपलकडे तर मागे फिरण्याचीच पंचाईत. नवी आवृत्ती स्थिरावली की अ‍ॅपल जुनीवर सही करणं बंद करतं, मग जुनी टाकताच येत नाही. कारण समजण्यासारखं आहे, जुन्या आवृत्तीत भोकं असतात आणि चोर मुद्दाम यंत्र मागे नेऊ शकतो. पण त्याचा अर्थ असा की तिथे पुढचं पाऊल फार जपून टाकायला हवं.

टेस्टिंगची चर्चा चालू आहे तर मायक्रोसॉफ्टचं एक जास्तीचं सांगून टाकतो, कारण ते मला सगळ्यात जास्त लागतं. २०१४ च्या सुमारास कंपनीने वेगळ्या टेस्टर मंडळींची बरीच पदं कमी केली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये इनसायडर प्रोग्रॅम सुरू केला. म्हणजे हौशी लोकांनीच आधी वापरून बघायचं. ऑक्टोबर २०१८ चं विंडोजचं अपडेट आलं, आणि काही लोकांच्या फोल्डरमधल्या फाइली पुसल्या गेल्या. चार दिवसांत अपडेट थांबवलं, १३ नोव्हेंबरला परत आणलं. पण नंतर उघड झालं की काही इनसायडर लोकांनी हे आधीच कळवलं होतं! तक्रारींच्या ढिगात त्या तक्रारी खाली राहिल्या, कारण त्यांना फार मतं मिळाली नव्हती. फाइली गेलेले मूठभर, आणि बटणाचा रंग न आवडलेले हजारो. मग तक्रार करताना तिचं गांभीर्य नोंदवायची सोय आली. पगारी टेस्टर असता तर त्याने एकदाच टेबलावर हात आपटला असता. टेस्टरचं अर्धं काम चूक शोधणं असतं, उरलेलं अर्धं ती चूक कुणालातरी ऐकायला लावणं.

बरं, मग हे सगळं आता सुटलं का? १६ सप्टेंबर २०२४, क्राउडस्ट्राइकला जेमतेम दोन महिने. आयपॅडओएस १८ आलं. एम४ चिपच्या आयपॅड प्रोपैकी काही ते टाकल्यावर मेले. हा टॅब मेमध्ये बाजारात आलेला, भारतात किंमत ९९,९०० रुपयांपासून पुढे. म्हणजे परत तेच, सगळ्यात नवा आणि सगळ्यात महाग. दुसऱ्याच दिवशी त्या मॉडेलसाठी अपडेट मागे घेतलं, आणि १८.०.१ च्या रूपात ते परत आलं ३ ऑक्टोबरला. २०१६ च्या मे महिन्याची गोष्ट वाचून दाखवली आणि फक्त आकडे बदलले, तरी चालेल.

तर मंडळी, आता तुमचा प्रश्न. टाकू की नको?

त्यासाठी परत आयपॅड २ कडे जावं लागेल. मार्च २०१६ मध्ये ज्यांचा टॅब अ‍ॅक्टिव्हेशनच्या स्क्रीनवर अडकला, त्यांतल्या कितींनी नंतर कानाला खडा लावला असेल? "आता हे चालतंय ना, मग परत हात लावायचा नाही." अगदी साहजिक आहे. माझ्या ओळखीत निदान दोन घरं अशी आहेत. आता त्याच वर्षीचा ऑगस्ट बघा. संयुक्त अरब अमिरातीतले मानवी हक्क कार्यकर्ते अहमद मन्सूर यांच्या आयफोनवर १० आणि ११ ऑगस्टला दोन मेसेज आले, सोबत लिंक. त्यांनी लिंक न उघडता मेसेज टोरांटोच्या सिटिझन लॅबकडे पाठवले. तपासात दिसलं की नुसत्या त्या लिंकवर टिचकी मारली असती तर फोन पूर्णपणे दुसऱ्याच्या ताब्यात गेला असता. हे होतं पेगॅसस. आपल्याकडे २०२१ मध्ये ज्याच्यावरून संसद गाजली तेच. अ‍ॅपलने सुमारे दहा दिवसांत ती तिन्ही भोकं बुजवली आणि २५ ऑगस्ट २०१६ ला आयओएस ९.३.५ सोडलं.

एकाच वर्षात, एकाच दारातून, मार्चमध्ये वीट आली आणि ऑगस्टमध्ये कुलूप आलं. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही वेळा स्क्रीनवर तोच लाल ठिपका दिसत होता. म्हणून खराब अपडेटचं नुकसान मोजताना नुसते मेलेले टॅब मोजून मला पुरेसं वाटत नाही. जे टॅब जिवंत राहिले, पण ज्यांच्या मालकांनी त्यानंतर ठिपक्याकडे बघणंच सोडलं, त्यांची मोजदाद कुणाकडेच नाही.

मी स्वतः काय करतो ते सांगतो. आधी बॅकअप. नवी मोठी आवृत्ती आली की आठवडाभर थांबतो, तेवढ्यात जे व्हायचं ते बहुतेक वेळा उघड होतं. नुसती सुरक्षेची छोटी दुरुस्ती असेल तर दोन दिवसांच्या वर थांबत नाही. आईच्या टॅबचा पासवर्ड तिच्या वहीत, किराण्याच्या हिशेबाच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलाय. सुरक्षावाले माझ्यावर ओरडतील, ओरडू देत. आणि घरात कुणाकडे जुना आयपॅड २ पडला असेल तर सेटिंग्जमध्ये जाऊन आवृत्ती बघा. ९.३ च्या पुढे पाच असेल, तर त्याच्या मालकाने मार्चनंतरही दार उघडलं होतं. वायफायवाल्या आयपॅड २ साठी ते शेवटचंच अपडेट होतं.